रविवारचा फोन

ब्र्नो हे नाव घाटनांदुरात कुणालाच नीट घेता यायचं नाही. तेजश्रीची आई तुळजाबाई ‘बिरनू’ म्हणायची. शेजारपाजारचे ‘जर्मनी’ म्हणून मोकळे व्हायचे. ते झेक देशातलं शहर आहे, जर्मनी शेजारी आहे, हे तेजश्रीनं पहिल्या वर्षी समजावून सांगितलं आणि मग नाद सोडला.

ती तिथं कडधान्यांच्या वाणांवर एमएस्सी करत होती. विठ्ठलरावांची एकुलती एक लेक. शेतीचं शिकायचं तर जिथं ते चांगलं शिकवतात तिथं शिक, एवढंच ते म्हणाले होते, आणि तिला विमानात बसवायला स्वतः हैदराबादपर्यंत गेले होते. तिथल्या वसतिगृहाच्या खिडकीतून उतारावरची लाल कौलं दिसायची. हिवाळ्यात दुपारीच अंधारून यायचं. काचघरातल्या कुंड्यांमध्ये तिनं लावलेली हरभऱ्याची रोपटी मात्र दिव्यांच्या उजेडात बारा महिने हिरवीगार असायची. दिवसाचा बराच वेळ ती तिथंच काढायची, कारण तिथं ऊब होती आणि ओल्या मातीचा वास होता.

दर रविवारी सकाळी ती वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात चहा ठेवायची आणि घरी व्हिडिओ कॉल लावायची. घरी तेव्हा दुपार झालेली असायची. विठ्ठलराव दोन शब्द बोलून शेताकडं निघून जायचे, मायलेकींना मोकळेपणी बोलता यावं म्हणून. सुरुवातीचे काही महिने आईचं नुसतं कपाळ दिसायचं, नाहीतर फिरणारा पंखा. मग हळूहळू सगळं जमून आलं. आईचा चेहरा बरोबर मधोमध, उजेड तोंडावर, फोन जरासुद्धा हलायचा नाही.

“शिकलीस की गं,” तेजश्री म्हणाली होती.

आई नुसती हसली होती.

तेजश्री तिला सगळं सांगायची. तिथल्या मोठ्या चर्चची घंटा बाराचे ठोके अकरालाच देते, कारण कधीकाळी वेढा घालून बसलेल्या शत्रूला त्या घंटेनं असं फसवलं होतं म्हणे. स्वस्तातल्या बसनं ती व्हिएन्नाला जाऊन आली. पोलंडमध्ये ग्दान्स्कला गोठलेल्या वाळूवर उभं राहून तिनं करडा समुद्र बघितला. फेब्रुवारीत कधीकधी कारण नसताना रडू येतं, हेही तिनं सांगितलं. पाळीच्या दिवसांत पोटात किती दुखतं ते सांगितलं. टोमाश नावाचा वर्गातला मुलगा त्याच्या गावी चल म्हणाला आणि आपण नाही म्हणालो, ते सांगितलं. आई ‘हं’ म्हणायची, क्वचित पदरानं डोळे पुसायची.

नोव्हेंबरात ती एकटीच इटलीत त्रिएस्तेला गेली. तिथं डोंगरावरून वारा असा सुटतो की माणसं खांबाला धरून रस्ता ओलांडतात. संध्याकाळची परतीची बस चुकली. बसस्थानकावर एक माणूस तिच्या शेजारी येऊन बसला. ती उठून दुसऱ्या बाकावर गेली, तोही उठला. तिसऱ्या बाकावरही तसंच झालं. शेवटी ती समोरच्या पावाच्या दुकानात शिरली. दुकान बंद करायला निघालेल्या बाईला तिचं बोलणं कळलं नाही, पण चेहरा कळला. त्या बाईनं तिला घरी नेलं, गरम सूप दिलं आणि कपाटातून एक स्वेटर काढून तिच्या अंगावर घातलं. ते तिच्या वारलेल्या मुलीचं होतं.

“दादांना सांगू नको,” वडिलांना दादा म्हणणारी तेजश्री आईला म्हणाली होती. “परत एकटी कुठं जाऊ देणार नाहीत.”

“न्हाई सांगत,” आई म्हणाली होती.

संक्रांतीच्या दिवशी फोन आला तो रडणाऱ्या आईचा. दादांना झटका आला होता, उजवा हात-पाय लुळा पडला होता, वाचा गेली होती. आईला पुढं बोलवेना तेव्हा पलीकडून एका पुरुषाचा शांत आवाज आला.

“मी आदिनाथ. काका दवाखान्यात हायत, धोका टळलाय. तुमी परीक्षा देऊन सावकाश या. मी हाय हितं.”

आदिनाथ तिला आठवत होता. शाळेत तिच्या पुढच्या वर्गात होता. आता स्टेशन रोडला त्याचं खता-बियाण्यांचं दुकान होतं, आणि उरलेला वेळ तो सुंदररावांच्या मागे असायचा. त्या भागात तिकीट कुणाला आणि सोसायटी कुणाची, हे सुंदरराव ठरवायचे. आदिनाथनं मोटर दुरुस्त केली, आदिनाथनं औषधं आणून दिली, असं आईच्या बोलण्यात गेली दोन वर्षं यायचं. परक्याचं पोर एवढं करतंय म्हणून तेजश्रीला त्याचे उपकारच वाटायचे.

परीक्षा संपवून ती निघाली. हैदराबादला उतरल्यावर कोणत्या गाडीनं येते, कोणता डबा, ते तिनं आईला मेसेज करून कळवलं. गाडी घाटनांदूरला थांबली तेव्हा डब्याच्या दाराशीच आदिनाथ उभा होता. पांढरा शर्ट, पायात स्वच्छ चप्पल, केस नीट विंचरलेले. त्यानं तिच्या हातातली बॅग घेतली.

“दमलात का? त्रिएस्तेच्या वाऱ्यापरीस आपलं ऊन बरं हाय न्हवं?”

गावाचं नाव त्यानं अगदी बरोबर घेतलं. तिनं तिथले फोटो टाकले होते, ते बघितले असतील, असं तिच्या मनात आलं. ती ‘हो’ म्हणाली आणि त्याच्या पांढऱ्या गाडीत बसली.

घराच्या दारावर एक छोटा पांढरा कॅमेरा बसवलेला होता. “काकू एकल्या असत्यात म्हनून लावला,” आदिनाथ म्हणाला. “माझ्या फोनवर दिसतं सगळं.” त्यानं खिशातून किल्ली काढून दार उघडलं आणि तिला आत जायला वाट दिली, जणू तीच पाहुणी होती.

विठ्ठलराव खाटेवर होते. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात पोटावर ठेवलेला. तिला बघून त्यांचे डोळे भरून आले. डाव्या हातानं त्यांनी तिचं मनगट घट्ट धरलं आणि मोठ्या कष्टानं म्हणाले, “जा.”

“दादा, मी आत्ता आले.”

“जा,” ते म्हणाले. “जा. जा.”

“समद्यांनाच तसं म्हनतेत,” आदिनाथ मागून म्हणाला. “तेवढाच एक शब्द राहिलाय त्यांच्यापशी.”

त्यानं वाटीत पेज आणली आणि तो खाटेवर बसला. विठ्ठलरावांनी तोंड मिटून घेतलं. आदिनाथ रागावला नाही. त्यानं चमचा त्यांच्या ओठाला टेकवून ठेवला. तसाच धरून बसला. बऱ्याच वेळानं ओठ उघडले, तेव्हा पेज आत गेली. पुढच्या चमच्याला पुन्हा तेच.

“लई सोसतो बग लेकरू,” आई तेजश्रीच्या कानात म्हणाली.

पुढचे काही दिवस असेच गेले. आदिनाथ सकाळ-संध्याकाळ यायचा. हाक मारायचा नाही, सरळ आत यायचा. चहापत्तीचा डबा कुठं, साखर कुठं, त्याला सगळं ठाऊक होतं. दादांना उचलून न्हाणीत न्यायचा, अंग पुसून कपडे घालायचा. आजारपणात रात्रीच्या सोबतीला तो तेजश्रीच्याच खोलीत झोपायचा, असं आईनं सहज सांगितलं. तेजश्रीनं त्या दिवशी गादीची खोळ बदलली. का बदलली ते तिला नीट सांगता आलं नसतं. माणूस वाईट वागत नव्हता. तिच्या जवळ येत नव्हता, वावगं बोलत नव्हता. फक्त तो घरात आला की दादा डोळे मिटून घ्यायचे, आणि तो जाईपर्यंत उघडायचे नाहीत.

एका सकाळी ती ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. आदिनाथ समोरच्या पायरीवर बसला आणि त्यानंही एक मूठ शेंगा ओढून घेतल्या.

“त्या पाववाल्या बाईला परत फोन केला का कवा?” त्यानं विचारलं.

“कोणती बाई?”

“त्रिएस्तेची. जिनं तुमाला घरी नेलं. लेकीचं स्वेटर दिलं.” तो शेंग सोलत राहिला. “मला वाईट वाटलं बगा तवा. तुमी रडलात. तो मानूस जर माझ्या हाती लागला असता...” त्यानं सोललेले दाणे तिच्या ताटात टाकले आणि तो उठून गेला.

ही गोष्ट तेजश्रीनं कुठं लिहिली नव्हती. वसतिगृहात कुणाला सांगितली नव्हती. ती उठून स्वयंपाकघरात गेली.

“आई, त्रिएस्तेचं तू आदिनाथला कशाला सांगितलंस?”

“मी कशाला सांगू?” तुळजाबाई भाकरी थापत म्हणाल्या. “त्यानं ऐकलं की.”

“कधी?”

“तू सांगत व्हतीस तवाच. मला कुटं फोन धरता येतो? तो धरायचा. समोर खुर्चीत बसायचा फोन घिऊन. तुला मी दिसले पायजे, मला तू दिसली पायजे, समदं नीट करायचा.”

“दर रविवारी?”

“दर रविवारी. एक खाडा न्हाई केला त्यानं.” आईनं वर पाहिलं. “कावून गं? तो तर म्हनला, तेजश्रीला सांगितलंय मी. तुला ठाव न्हवतं?”

तेजश्री भिंतीला टेकून खाली बसली. दोन वर्षांचे रविवार एकामागून एक तिच्यासमोर यायला लागले. न्हाऊन डोक्याला पंचा गुंडाळून ती फोनसमोर बसायची. पोटात दुखतंय म्हणून वाकून दाखवायची. फेब्रुवारीतलं रडणं, टोमाशची गोष्ट, दादांना सांगू नको म्हणणं. प्रत्येक वेळी तिनं आईच्या डोळ्यांत बघून सांगितलं होतं आणि प्रत्येक वेळी त्या फोनच्या मागे एक माणूस श्वास रोखून बसला होता. आई मधूनच फोनच्या वर कुठंतरी बघायची, तेही तिला आता आठवलं. तिला वाटायचं, आई भिंतीवरच्या घड्याळाकडं बघते.

“उद्यापासून त्याला येऊ नको म्हण,” ती म्हणाली.

“आन् दादांना कोन उचलील? तू दोन आठवड्यांनी जाशील निघून.” आईनं तव्यावरची भाकरी उलटली आणि तिच्याकडं न बघता म्हणाली, “रविवारी सुंदरराव येनार हायत. आदिनाथचं आन् तुझं... समद्या गावाला ठाव हाय आता. मला वाटलं तुझ्याबी मनात असंल. तो तसंच म्हनायचा.”

तेजश्री खोलीत गेली आणि बॅगेचा आतला कप्पा तिनं उघडला. पासपोर्ट तिथं नव्हता. तिनं सगळी बॅग गादीवर पालथी केली.

“आदिनाथनं नेलाय, झेरॉक्स काडायला,” आई दारातून म्हणाली. “तूच सांगितलंस म्हनं.”

अंबाजोगाईला तिची शाळेतली मैत्रीण होती, शाईस्ता. ती एका खासगी दवाखान्यात फिजिओथेरपी करायची, लकव्याच्या माणसांचे हात-पाय पुन्हा चालते करायची. तेजश्री दुपारी घराबाहेर पडली. ती जीपमध्ये बसते न बसते तोच फोन वाजला.

“अंबाजोगाईला निघालात व्हय?” आदिनाथ विचारत होता. “सांगायचं की. गाडी उबीच हाय.”

तिनं फोन बंद केला. जीप भरेपर्यंत ती रस्त्याकडं बघत राहिली, पण पांढरी गाडी आली नाही.

शाईस्तानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मागच्या वर्षी तो माझ्याकडं आला होता, पेढे घेऊन. तेजश्रीचं आणि माझं जमलंय म्हणाला. तुझे शाळेतले फोटो आहेत का विचारत होता. मला राग आला, तू मला कळवलं नाहीस म्हणून. म्हणून मी तुला फोनच केला नाही गं.”

शाईस्ताचा भाऊ अशफाक याचं गॅरेज घाटनांदुरात, विठ्ठलरावांच्या घराच्या समोरच होतं. त्या दिवशी तो सुटे भाग घ्यायला अंबाजोगाईत आला होता. शाईस्तानं त्याला बोलावून घेतलं. तो आला आणि चहाचा कप तसाच धरून बसला.

“सांग,” शाईस्ता म्हणाली.

“संक्रांतीच्या सकाळची गोष्ट हाय, ताई. तुळजाकाकू वाण घेऊन देवळात गेलत्या, तिकडून त्यांच्या बहिनीकडं. काका गेटात आडवे हुबे व्हते. मी जीपचा स्टार्टर खोलत व्हतो, मला समदं ऐकू येत व्हतं. काका म्हनत व्हते, माझ्या लेकीचं नाव गावभर घेतोस, आजपासून ह्या घरात पाय टाकायचा न्हाई. किल्ली दे म्हनले. आदिनाथ हसत व्हता. मग दोघं आत गेले.”

“मग?”

“मग काही न्हाई. दुपार झाली. गाडी दारातच व्हती. मला वाटलं, मिटलं असंल. दिवस कलल्यावर तो काकांना उचलून गाडीत घालताना दिसला. मी धावत गेलो. आत्ताच पडले म्हनला.”

शाईस्ता हळू आवाजात म्हणाली, “काकांना आमच्याच दवाखान्यात आणलं होतं. डॉक्टर म्हणत होते, सकाळीच झटका आलेला दिसतो. लवकर आणलं असतं तर एवढं नुकसान झालं नसतं. मला वाटलं, काका घरात एकटे असतील.”

“म्हणजे तो दिवसभर घरातच होता,” तेजश्री म्हणाली.

अशफाकनं न प्यालेला कप खाली ठेवला.

अशफाकच्या जीपमधूनच ती परत आली. अंगणात उन्हाच्या तिरपीत दादांची खुर्ची ठेवलेली होती. आदिनाथ पुढ्यात पाटावर बसून त्यांची नखं काढत होता. दादांचा लुळा हात त्याच्या मांडीवर होता. तेजश्रीला बघून त्यानं शर्टाच्या खिशातून पासपोर्ट काढला आणि पुढं केला.

“घ्या. झाली झेरॉक्स.”

एवढ्या सहज मिळेल असं तिला वाटलं नव्हतं. तिनं तो उघडून बघितला. सगळं जिथल्या तिथं होतं.

“मी परत जाणार आहे,” ती म्हणाली. “सुंदररावांना रविवारी येऊ नका म्हणून सांग.”

“जा की.” त्यानं नेलकटर दुसऱ्या बोटाला लावलं. आणि आजवर अहो-जाहो करणारा तो पहिल्यांदाच अरे-तुरेवर आला. “तू शिक्षन पुरं कर. मी कवा अडवलंय तुला? आनखी दोन वर्सं लागली तरी लागू दे. हितं काका हायत, काकू हायत, मी हाय. काकांना मीच न्हाऊ घालनार, मीच जेवू घालनार. तू काळजी करू नको. रविवारी फोन लावीन.”

“संक्रांतीला काय झालं इथं?”

त्यानं मान वर केली. चेहऱ्यावर राग नव्हता, भीती नव्हती. थोडं नवल होतं, एवढंच.

“काकांनाच इचार,” तो म्हणाला. “बोलायला लागले म्हंजी सांगतील.” मग दादांचा हात फडक्यानं पुसून त्यानं तो त्यांच्या पोटावर नीट ठेवला.

“जा,” विठ्ठलराव म्हणाले. ते आदिनाथकडं बघत नव्हते. तेजश्रीकडं बघत होते, आणि आल्या दिवसापासून हे आपल्यालाच सांगणं होतं, हे तिला तेव्हा कळलं. तिनं वडिलांचं ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, आदिनाथ दुकान उघडायला गेलेला असताना, अशफाकची जीप मागच्या बोळात येऊन थांबली. शाईस्ता बरोबर होती. आईला त्यांनी सांगितलं, दादांना थोडे दिवस व्यायामासाठी अंबाजोगाईला ठेवायचंय. दोन लुगडी, औषधं, दादांची घोंगडी, एवढंच घेतलं. अशफाकनं त्यांना उचलून जीपमध्ये बसवलं तेव्हा विठ्ठलरावांनी त्याच्या खांद्यावर डोकं टाकलं आणि वेशीबाहेर पडेपर्यंत उचललं नाही.

शाईस्ताच्या गल्लीत दोन खोल्या मिळाल्या. रविवारी सुंदरराव माणसं घेऊन बंद घराच्या दारात उभे राहिले, आणि मग त्यांनी तेजश्रीला फोन केला.

“पोरी, तू शिकलेली हायस,” ते म्हणाले. त्यांचा आवाज जड आणि प्रेमळ होता. “चार मानसांत अशी शोभा करू ने. आदिनाथ माझ्या पोरासारखा हाय. पर तो मनाला लई लावून घेतो. एकदा धरलं की सोडत न्हाई. तुज्या आईबापाच्या भल्यासाठी सांगतो.”

ती पोलिसांकडंही गेली. ठाण्यातल्या जमादारानं शांतपणे ऐकलं, पाणी दिलं. मग म्हणाला, “ताई, बापाची सेवा केली, फोन धरला, पासपोर्ट परत दिला. मी ह्यात गुन्हा काय लिहू?” संक्रांतीचं तिनं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “बघितलं कोनी आतलं?” आत दोघंच होते, आणि त्यातल्या एकाची वाचा गेली होती.

तिनं ब्र्नोच्या प्राध्यापकबाईंना लिहून एका सत्राची रजा मागितली. रजा मिळाली. तुझी रोपं मी दुसऱ्या विद्यार्थ्याला दिली, तो काळजी घेईल, असं बाईंनी कळवलं. तेजश्रीनं तो मेल दोनदा वाचला. तिथं आता हिवाळा सरेल, झाडांना पानं फुटतील, नदीकाठी लोक गवतावर पडून राहतील. ती सकाळ-संध्याकाळ दादांच्या बोटांना रबरी चेंडू धरायला लावायची. संध्याकाळी पांढरी गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी राहायची. आतून कुणी उतरायचं नाही. काचा काळ्या होत्या. दिवेलागणीला गाडी निघून जायची.

आई कुढत होती. “घर सोडून हितं कोंडून घातलंस,” म्हणायची. “त्या लेकराच्या मनाला काय वाटलं असंल.” आदिनाथचे फोन ती घ्यायची, न्हाणीघरात जाऊन हळू आवाजात बोलायची. तेजश्रीला ते कळत होतं. तिनं आईला अशफाकनं बघितलेलं सगळं सांगितलं होतं. आईनं ते मनावर घेतलं नव्हतं. गावात लोक काहीही बोलतात, म्हणाली होती.

शाईस्ता रोज यायची. दादांना आधी अ, आ म्हणायला लावायची, मग पाणी, मग मीठ. एप्रिलच्या सुमाराला शब्द सुटे सुटे यायला लागले. एका दुपारी शाईस्ता आलेली असताना तुळजाबाई मेथी निवडत होत्या. विठ्ठलराव उशीला टेकून बसले होते. कुणी काही विचारलं नव्हतं.

“पडलो,” ते म्हणाले.

आईनं मान वर केली.

“मी... पडलो. पानी म्हनलं. तो...” त्यांनी डाव्या हातानं समोरची खुर्ची दाखवली. “बसला.”

“कोन? आदिनाथ?”

त्यांनी मान डोलावली.

“मदतीला कोनाला बलवायला गेला आसंल.”

“न्हाई. बसला. बगत.” घशातून आवाज ओढून काढावा तसे ते बोलत होते. “ऊन... दारातनं... भिंतीवर गेलं. तो... बगत.”

तुळजाबाईंच्या मांडीवरची मेथी तशीच राहिली. त्या रडल्या नाहीत. मग उठल्या, हात धुतले, आणि कोनाड्यातला आपला फोन शाईस्ताच्या हातात दिला. “ह्यातलं समदं पुसून टाक,” म्हणाल्या. “त्यानं काय काय घातलंय ते मला ठाव न्हाई.”

मे महिन्यात पंचायत समितीच्या निवडणुका लागल्या. सुंदररावांनी आदिनाथला उभं केलं. चौकाचौकात त्याचे फलक लागले, हात जोडलेला, गळ्यात उपरणं. खाली लिहिलं होतं, तुमच्या घरचा माणूस. गावची मतं जिथं जिथं पांगली होती तिथं तो स्वतः जात होता. एका सकाळी तो ह्या गल्लीतही आला. कपाळाला गुलाल, मागे पाच-सहा कार्यकर्ते, पांढऱ्या गाडीवर कर्णा बांधलेला. तेजश्री आतल्या खोलीत दादांपाशी होती. दार आईनं उघडलं.

“काकू,” त्यानं वाकून पायाला हात लावला. “मतदानाला गाडी धाडतो. काकांनाबी उचलून नेतो मी.”

तुळजाबाई पाय मागं घेऊन म्हणाल्या, “हे पडले तवा तू काय बगत व्हतास?”

मागचे कार्यकर्ते एकमेकांकडं बघायला लागले. आदिनाथ सरळ उभा राहिला. तो हसला, नेहमीसारखाच, शांत.

“काकू, दमलात तुमी,” तो म्हणाला. “घरी चला. घर मोकळं पडलंय. मी रोज झाडून घेतो. तेजश्रीची गादीबी उन्हात घालतो.”

“किल्ली दे.”

“हाय की माझ्यापशी. कुटं जाती?”

त्याची नजर त्यांच्या खांद्यावरून आत गेली आणि तेजश्रीवर थांबली. त्यानं मान जरा कलती केली, फोनवरचं चित्र नीट दिसावं म्हणून माणूस करतो तशी. तुळजाबाईंनी दार लावलं, कडी घातली, आणि तिथंच दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

“तिकीट काड,” त्या लेकीला म्हणाल्या. “पावसाळा सरला की तू जा. तुझं राहिलेलं पुरं कर.”

“आणि तुम्ही?”

“आमी हावोत हितं. शाईस्ता हाय, अशफाक हाय. गावच्या घराचं कुलूप बदलायला अशफाकला उद्याच धाडते. यांना आता उठून बसता येतंय.” त्यांनी पाठीमागं हात नेऊन कडी चाचपली. “मी माणूस वळखला न्हाई. आता वळखलाय. आता मी हूं म्हनल्याबिगर कोन ह्या दारातनं आत येत न्हाई.”

विठ्ठलरावांनी खाटेवरून विचारलं, “कडी?”

“घातली,” तुळजाबाई म्हणाल्या.

तेजश्रीनं लॅपटॉप उघडला. बाहेर गाडीवरचा कर्णा सुरू झाला. आदिनाथचं नाव, निशाणी, पुन्हा नाव. आवाज गल्लीतून हळूहळू पुढं गेला, टोकाशी जाऊन बारीक झाला. तिनं सप्टेंबरच्या तारखा बघायला घेतल्या. मग तिचा हात थांबला. आवाज पुन्हा मोठा व्हायला लागला होता.